सात नंबरची पेटी

उमाजीमामाची मोटर माघ महिन्यात चारठाण्याच्या चढावर बसली ती बसलीच. इंजिन सुरू व्हायचं, भोंगा तर असा वाजायचा की शेळ्यांनी दावी तोडून पळावं, पण चाकं काही फिरेनात. शेवटी बैल जुंपून ती जिंतूरला आमच्या दारात आणली. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, मोटर-मिस्त्री आहेत. दिवसभर मोटरीखाली झोपून खाटखूट करत राहिले आणि दिवेलागणीला काळेकुट्ट होऊन बाहेर आले.

"उमाजी, मागच्या आसातलं दातेरी चाक गेलं. क्राऊन. तीन दात उडालेत."

"मग दुसरा बसवा की मिस्त्री."

"आणू कुठून? ही मोटर बनवणारांचे नातू म्हातारे झाले असतील आता."

मामा हसले. धुरपतामामी मात्र हसली नाही. "चाळीस मेंढरं इकून हे धूड घेतलं," ती दारातूनच म्हणाली. "चाळिसाची दोनशे झाली असती आजवर. हे ना पिल्लू देतंय ना लोकर."

उमाजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. निजामाच्या काळात ते एका जागीरदाराचे ड्रायव्हर होते. राज्य बदललं तसा जागीरदार हैदराबादला निघून गेला आणि जाताना मोटर यांना विकून गेला. तेव्हापासून चारठाणा ते जिंतूर तीच एक सवारी. बाळंतिणी, नवरदेव, साप चावलेली माणसं, सगळे तिच्यातूनच आले. पण आता परभणीहून साहेबांचा कागद आला होता. पाडव्याआधी मोटर चालवून दाखवा, नाही तर परवाना रद्द. क्राऊन मिळाला तर मामा मोटरवाले, नाही मिळाला तर पुन्हा भावाच्या मेंढरांमागं. दुसरं काही नव्हतं त्यांच्या हातात.

त्याच जागीरदाराच्या मोटरखान्यातलं उरलंसुरलं सामान सरकारजमा होऊन नऊ वर्षं जिंतूरच्या तहसील कचेरीत पडून होतं. आपण मुंबई राज्यात गेलो, नवे साहेब आले, आणि त्यांनी त्याचा लिलाव पुकारायला लावला. आमच्याकडे अजून त्याला हर्रासच म्हणतात.

हर्रासाला दादांनी मला शाळा बुडवून सोबत नेलं. दादांना उर्दू फडाफडा येतं, पण पेट्यांवरची अक्षरं इंग्रजी. मी नववीत. महिन्यापूर्वी शाळेत इन्स्पेक्टर आले होते, तेव्हा इंग्रजीचा धडा न अडखळता वाचणारी अख्ख्या वर्गात मी एकटी निघाले. मुलांसकट! तेव्हापासून दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटले होते. काडेपेटी, साबण, रॉकेलचा डबा, काही सोडलं नाही. आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप घालावं लागतंय आता."

"वाच, पण माझ्या कानात वाच," दादा कचेरीच्या आवारात शिरताना म्हणाले. "अन् त्या सात नंबरच्या पेटीकडं फिरकू नको."

"कामून?"

"नको म्हणलं ना."

बोली सुरू व्हायच्या आधी मी पाहिलं, दादा, उमाजीमामा आणि गावातले दुसरे दोन मिस्त्री लिंबाखाली गोल करून उभे होते. मामांनी खांद्यावरची दस्ती हातावर टाकली. एकेकानं तिच्याखाली हात घालून बोटं दाबली, बैलबाजारात दलाल करतात तशी. तोंडानं कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं मामा एखादं बकरं विकायलेत. दस्तीखाली ठरलेलं तोंडानं सांगायचं नसतं, पोरीसोरींना तर मुळीच नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. काय ठरलं होतं ते मला मागून कळलं. सात नंबरच्या पेटीवर मामांशिवाय कुणी बोली लावायची नाही. आत काय आहे ते मामांना पक्कं ठाऊक होतं, कारण बारा वर्षांपूर्वी परभणीच्या स्टेशनावरून ती पेटी त्यांनीच उतरवून आणली होती.

पहिल्या सहा पेट्या मी दादांच्या कानात नीट वाचल्या. मग दादा टायरांचा ढीग बघायला पलीकडे गेले. सात नंबर म्हणजे काय एवढं, म्हणून मी हळूच त्या पेटीमागं सरकले.

"पेटी नंबर सात!" कारकून दिनकरराव ओरडले. "खिळे मारलेली. आत भंगार."

"भंगार कशावरून? जागीरदाराचं भूत असंल!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"असू द्या. बन्सीधरशेठ घेतील अन् शेरावर विकतील," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. परभणीचे भंगारवाले बन्सीधरशेठ खुर्चीत डोळे मिटून बसले होते, तेही पोट हलवून हसले. डोळे उघडले नाहीत.

"पाच रुपये," उमाजीमामा म्हणाले. आणि जांभई दिली! "लाकूड चुलीला व्हईल."

"पाच रुपये एक वार..."

तेवढ्यात मी परकराच्या टोकानं पेटीवरची धूळ पुसली होती. खाली काळी अक्षरं. मी ती वाचली. मामांना वाटायलंय की ते लाकूड घ्यायलेत! त्यांना ठाऊकच नाही आत काय आहे! आता हे सांगणारी मीच.

"मामा!" मी उडी मारून ओरडले. "लाकूड न्हाई, क्राऊन हाय! क्राऊन व्हील अँड पिनियन, रिअर ॲक्सल! नवं! तुमच्या मोटरीचं!"

मामांचं तोंड अर्ध्या जांभईतच राहिलं. मी हसत दादांकडं पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातलेली.

बन्सीधरशेठनी डोळे उघडले.

"बेटा, पुन्हा वाच बरं."

आणि मी पुन्हा वाचलं. हे आठवलं की अजून मला जमिनीत शिरावंसं वाटतं. नुसतं वाचलं नाही, एकेक अक्षर सोडवून, स्पेलिंगसकट वाचलं.

शेठनी एकदम पंचवीस म्हटलं. मामा तीस. शेठ चाळीस. मामांनी कनवटीला हात लावला, बेचाळीस. दादा पुढं आले, म्हणाले, "माझे बी धर, उमाजी." दुसऱ्या मिस्त्र्यांनीही खिसे चाचपले. पण शेठ बसल्या जागी नुसतं बोट वर करत होते. साठाच्या पुढं मामा बोलायचे थांबले. दिनकररावांनी "दोन वार" म्हणून उगीच वेळ काढला, दोनदा नाक शिंकरलं. पण मग "तीन वार" म्हणावंच लागलं.

"शेठ, तुमच्या काय कामाचा तो?" दादांनी नंतर हात जोडले. "याचं पोट हाय त्याच्यावर."

"मिस्त्री, हैदराबादेत अशा जुन्या मोटरींचे शौकीन पडलेत. बोली ती बोली."

घरी येताना दादांनी दस्तीखालची गोष्ट मला सांगितली. रागावले नाहीत. "चूक माझीच," म्हणाले. "तुला आधी सांगाया पायजे होतं." एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. उमाजीमामा पुढं चालत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि मला वर बघण्याचा धीर होईना म्हणून मी रस्ताभर त्यांच्या वहाणांकडंच पाहत राहिले.

मग दादांनी येडबा लोहाराला बोलावलं. मोडक्या क्राऊनवर पितळ ओतून दात भरले, आठ दिवस कानस घासली. मी शाळेतून आले की भाता ओढायची. कुणी सांगितलं नव्हतं. मामा येऊन बसायचे, दातांवरून बोट फिरवायचे.

"टिकंल का मिस्त्री?"

"सपाटीला टिकंल. साहेबाच्या मनात चढ नसू दे."

पाडव्याच्या चार दिवस आधी परभणीचे साहेब आले. कचेरीपुढं मोटर उभी. धुरपतामामीनं तिला हळदकुंकू लावलेलं, भोंग्याला झेंडूचा हार. तोंडानं शिव्या देत होती, पण मोटर पुसून तिनंच लख्ख केलेली. मामा बसले. इंजिन लागलं. मोटर हलली! चारठाण्याहून आलेली माणसं ओरडली, मीही ओरडले. दहा हात गेली, वीस हात गेली, लिंबापाशी मामांनी वळवली, आणि कडाड् असा आवाज झाला. इंजिन घुरघुरत राहिलं. चाकं उभीच.

साहेब टेबलाशी बसले आणि त्यांनी पेन उघडलं.

मला राहवलं नाही. मी गर्दीतून घुसले आणि टेबलापुढं उभी राहिले. मराठीत बोलले असते तर रडले असते, म्हणून इंग्रजीत बोलले. सगळं सांगितलं. पेटी, शेठ, माझं ओरडणं. चूक माझी आहे, मामांची नाही, एक महिना द्या. एवढं इंग्रजी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

साहेब ऐकत राहिले. मग छान हसले. इंग्रजीतच विचारलं, कितवीत आहेस? उच्चार कुणी शिकवले? कॉलेजात जा, म्हणाले, तुझ्यासारख्या मुलींची देशाला गरज आहे. आणि हसता हसताच परवाना रद्दच्या कागदावर सही करून तो दिनकररावांकडं सरकवला. दिनकररावांनी शिक्का मारला.

मी वळले तर उमाजीमामा मागं उभे. त्यांना आमचं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी फक्त साहेबांचं हसणं पाहिलं होतं. तोंड उजळलेलं त्यांचं.

"काय म्हणले गं साहेब? लय खूश दिसले. दिला का टाइम?"

"न्हाई मामा," मी म्हणाले. "माझं इंग्रजी चांगलं हाय म्हणले."

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "हाय ते खरंच," आणि बैल आणायला गेले.