त्रेसष्ट लाल कार्डं

संयोजकाने मोजणीयंत्रातून आलेला कागद फाडला, एकदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"सांगून टाका," तक्रारताई म्हणाल्या.

"हिरवी एक्केचाळीस. पिवळी सहा." तो थांबला. "लाल त्रेसष्ट."

प्रोग्रॅमरांच्या या परिषदेत प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर एक पेटी ठेवलेली असे. भाषण आवडलं तर तिच्यात हिरवं कार्ड टाकायचं, बरं वाटलं तर पिवळं, नाही आवडलं तर लाल. पहिल्या दिवशी ज्याला हिरव्याचं प्रमाण सर्वांत जास्त, ते भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहात पुन्हा होई.

ताई बावीस वर्षं कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी वाचत होत्या. वाचायच्या, त्यातून प्रोग्रॅममधली चूक हुडकायची आणि ती प्रोग्रॅमरच्या पदरात टाकायची. नावही त्यावरूनच पडलेलं. आता विभागप्रमुखाला त्यांचं टेबल बंद करायचं होतं. कुठली तक्रार किती वेळा आली हे यंत्र सांगतं, मग वाचत कशाला बसायचं, असं त्याचं म्हणणं. ताईंनी आठवडाभर हुज्जत घातली, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "परिषदेत मोठ्या सभागृहापर्यंत पोचून दाखवा. टेबल राहील, शब्द देतो."

तो शेजारीच चहाचा कप घेऊन उभा होता.

"मनाला लावून घेऊ नका, ताई. या वयात उभ्या राहिलात, हेच पुष्कळ."

ताईंनी कागद सुलटा केला, तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. ओठ किंचित हलले.

"एकशे दहा," त्या म्हणाल्या. "सहा नंबरच्या खोलीत खुर्च्या किती?"

"अठ्ठेचाळीस."

"उभं कुणी नव्हतं. खोली भरल्याबरोबर तुमच्याच माणसांनी दार लावून घेतलं. मग एकशे दहा कार्डं आली कुठून?"

संयोजकाने मान खाजवली. "कुणीतरी मूठभर टाकली असतील. खोडसाळ लोक असतात हो."

"पेटी बघू दे."

"जाऊ द्या ना," प्रमुख म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अवलक्षण तर झालंच आहे. आता हातही बघू."

कार्डाच्या मागे दोन ओळी लिहायला जागा होती. यंत्र फक्त रंग ओळखायचं. ताईंनी लाल गठ्ठा पुढे ओढला, चष्मा लावला, पहिलं कार्ड उलटलं आणि संयोजकाच्या हातात दिलं. मग दुसरं. मग तिसरं.

"'दाराबाहेर उभा होतो, एक अक्षर ऐकू आलं नाही,'" तो वाचू लागला. "'जिन्यापर्यंत गर्दी. एवढीशी खोली कुणी ठरवली?' 'अर्धा तास ताटकळले. हे भाषण परत ठेवा.' अहो, हे तर…"

"वाचा पुढे."

त्याने वाचलं. पुढची कार्डं त्याने स्वतःच उलटली. उलटता उलटता खाली बसला. बासष्ट कार्डं एका बाजूला गेली. सगळी बाहेरच्यांची.

"म्हणजे हे आम्हाला दिलेलं लाल आहे," तो म्हणाला. "तुम्हाला नाही. आतल्या अठ्ठेचाळीसांत एक्केचाळीस हिरवी! एवढं प्रमाण आज दुसऱ्या कुणाचंच नाही." आणि त्याने दाराकडे वळून हाक मारली, "मोठ्या सभागृहाची पाटी बदला रे! सकाळी साडेनऊ, तक्रारताई!"

बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी काहींनी.

प्रमुख कपात बघत होता.

"गार झाला का?" ताईंनी विचारलं.

"झाला." त्याने कप खाली ठेवला. "टेबल राहील. शब्द दिलाय."

संयोजकाच्या हातात अजून एक लाल कार्ड होतं. "हे एक आतलं दिसतंय. 'फार भरभर बोलता. मध्ये श्वास घ्या.' याचं काय करू?"

ताईंनी ते उजेडात धरलं. 'श्वास'मधल्या 'स'ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत ओढलेली होती. लेक शाळेत असताना या शेपटीसाठी त्या तिला कितीदा रागावल्या होत्या. आता तीही प्रोग्रॅमर होती. आज मागच्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या.

"लालच आहे," ताई म्हणाल्या. "लालमध्येच धरा. कार्ड मात्र मी नेते."

सकाळी मोठ्या सभागृहात सहाशे खुर्च्या भरल्या. दारं उघडीच ठेवली होती. ताई व्यासपीठावर आल्या, लाल कार्ड समोरच्या मेजावर ठेवलं, माईक जवळ ओढला. लोक वाट बघू लागले.

ताईंनी आधी एक लांब श्वास घेतला.

तिसऱ्या रांगेत एका मुलीने हसू लपवायला मान खाली घातली.