पत्ता नको, मुक्काम सांगा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मताच्या हक्काचं विधेयक सभागृहात एका मताने पडलं, हे कळलं त्या दुपारी मी समितीच्या खोलीत टेबलावर होते. थोड्याच वेळात निरोप आला की विधेयक समितीकडे परत येतंय. उद्या संध्याकाळपर्यंत दोन्ही पक्षांनी तोडगा काढून सभागृहात पुन्हा मत घ्यायचं, नाहीतर ते कायमचं बासनात गुंडाळलं जाणार. मित्रांनो, माझं पितळ तिथेच तापलं!

ओताऱ्याने मला शाळेसाठी ओतलं होतं. शाळेला मोठी घंटा हवी होती, म्हणून मी इथे आले. काम तेच राहिलं, आरडाओरडा थांबवायचं. पुढे खोलीत माइक आले. बटण दाबलं की बोलणारा गप्प. मग माझं कौतुक सरलं आणि मी कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं वजन झाले.

पण त्या दिवशी समोरासमोर बसले होते दोन पक्षांचे दोघे, कुलूपकाका आणि भोंगाताई. नावं सभागृहानेच ठेवलेली. काका प्रत्येक कायद्याला अटींचं कुलूप लावत. ताईंना माइक लागतच नसे, त्यामुळे बटणाचा उपयोग शून्य. समितीच्या अध्यक्षबाईंनी मला हातात घेतलं. किती वर्षांनी वाजले मी!

जुन्या कायद्यात पक्का पत्ता असेल त्यालाच मत होतं. ताईंचं म्हणणं, बांधकामावर, नावेवर, ट्रकवर दिवस काढणाऱ्यांनी पत्ता आणायचा कुठून? काकांचं म्हणणं, पत्ता सोडला तर एकच माणूस चार गावांत मत देऊन येईल. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर कोणी तसूभर हलेना. दुसऱ्या दिवशीही शब्दाने शब्द वाढत राहिला. माझी जीभ दुखायला आली.

एवढ्यात काकांच्या नव्या ड्रायव्हरने दारातून डोकावून विचारलं, “साहेब, औषधं घरी ठेवू का?”

काकांनी कागदावरची नजरही काढली नाही. “घरी नको. सध्या मुक्काम अक्काकडे. दार सापडलं नाही तर गल्लीत कुणालाही विचार, सांगतील.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “काका, अक्कांकडे कधीपासून?”

“तुझी काकू गेल्यापासून. त्या घरात झोप लागत नाही.”

भोंगाताईंचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “म्हणजे पत्ता एकीकडे, माणूस दुसरीकडे. पण गल्ली ओळखते ना तुम्हाला?”

काकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “लिही. पत्त्याऐवजी मुक्काम लिही. पण दोन शेजाऱ्यांनी ओळख द्यायची आणि एका माणसाचा मुक्काम एकच. यात सूट मागू नकोस.”

“शेवटी कुलूप लावलंतच.”

“किल्ली तुझ्याच हातात दिलीय ना, पोरी?”

बाई हसल्या. पण काकांचं संपलं नव्हतं. त्यांना आणखी एक कलम हवं होतं. गेल्या निवडणुकीत काकू इस्पितळात होत्या आणि मतपेटी इथे येईल का, असं दिवसभर विचारत होत्या. खाटेवरच्या माणसाला मत देता यावं, एवढंच त्यांचं मागणं. पण खाटेपाशी पहारा कुणाच्या माणसाचा, यावर दोन्ही पक्ष पुन्हा एकमेकांकडे संशयाने बघू लागले. घड्याळ पळत होतं. काकांनी स्वतःच ते पान बाजूला केलं. “आधी हे पार पडू दे,” म्हणाले.

मग काय धावपळ! निम्मे सदस्य उपाहारगृहात चहा पीत होते. अध्यक्षबाई मला घेऊन जिन्यावरून धावल्या, मी घणघणत होते, कप तसेच टाकून माणसं पळत होती. सभागृहाची दारं बंद झाली. हात वर झाले, या बाजूचे आणि त्या बाजूचेही! विधेयक पार पडलं. काका आणि ताई एकाच बाकावर बसले होते, धापा टाकत.

मित्रांनो, मला आता पुसून ठेवतात. मला जपा, पण त्याहून जास्त जपा समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकायची सवय. माझ्या आवाजाने माणसं फक्त गप्प होतात. ऐकायचं काम त्यांचं त्यांनाच करावं लागतं.

आणि काकांनी बाजूला ठेवलेलं ते पान अजून माझ्याखालीच आहे. खाटेवरच्या माणसाला अजून मत देता येत नाही.