सगळे निघालो

हवेत दमटपणा नऊ टक्के.

कपाटातून खास काढलेले सहा कप.

मुठीत चुरलं की टेकडीवरच्या गवताचं पीठ होतं.

मागच्या खोलीच्या दाराला नवी कडी, बाहेरून.

वणव्याचा अंदाज सांगणं ही त्याची नोकरी. पण अंगणातले दोन तापमापक रोज सकाळी वाचायची ती त्याची विधवा वहिनी. एकाला ओली चिंधी गुंडाळलेली. दोघांच्या आकड्यांत जितकं अंतर, तितकी हवा कोरडी.

"भाऊजी, आज फारच अंतर आहे हो. पाहुण्यांना लवकर वाटेला लावा."

"वहिनी, माझी नोकरी घ्यायचा विचार दिसतोय तुमचा."

"पगार देणार असाल तर घेते की!"

आई आतून कडाडली, "खिदळणं पुरे. तुझ्या पोरीचं लग्न ठरायचंय. विधवेचं तोंड दिसायला नको त्यांना. ही घरात आहे हेही सांगितलेलं नाही मी. कडी लाव."

वहिनी आपणहून आत गेली. कडी त्यानेच लावली. हळूच, अजिबात आवाज न करता.

अकराला कचेरीत आकडे आले. दुपारी वारा फिरणार आणि टेकडीवरून थेट वस्तीवर येणार, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"वस्ती आत्ताच रिकामी करा," तो साहेबांना म्हणाला.

"आणि काही झालंच नाही तर?"

"तर मला शिव्या घाला."

बाराला वस्ती रिकामी करायचा भोंगा वाजला. त्याने घरी फोन लावला.

"पाहुण्यांच्या गाडीत आहोत," बायको म्हणाली.

"सगळे?"

तिने शेजारच्या पाहुण्यांकडे पाहिलं. "सगळे निघालो."

त्याने पुढे विचारलं नाही. यादी घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी हिशेब जुळवला: तिघी गाडीत, एक कचेरीत. घराच्या दारावर खडूची फुली मारून ते पुढच्या घराकडे गेले.

बायकोला वाटलं, सासूबाईंनी कडी काढली असेल. सासूला वाटलं, सुनेने काढली असेल. पण गाडीत पाहुणे होते, आणि जे माणूस घरात आहे हेच सांगितलं नव्हतं, त्याच्याबद्दल त्यांच्यादेखत विचारायचं कसं? दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या. छावणीत पोचल्यावर पाहुणे पाणी आणायला गेले, तेव्हा कुठे बायकोच्या तोंडून शब्द फुटला, "आई, कडी?"

तोवर रस्ता बंद झाला होता. वणवा त्याने सांगितलेल्या वाटेने, सांगितलेल्या वेळी वस्तीत उतरला.

सगळी वस्ती वाचली म्हणून महिन्याने त्याचा सत्कार ठेवला. त्याने हार घालू दिला नाही.

"आमच्या घरात आणखी एक माणूस होतं," तो म्हणाला. "तुमच्या मागच्या खोलीत कोण बसलंय, ते आज घरी जाऊन बघा. आणि तिला पुढे आणून बसवा. पाहुणे आले असतील, तरीही."

टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या सरकवत लोक उठले. आई जागची हलली नाही.

दोन वर्षांपूर्वी ती यादी करायला आलेल्या बाईंनी घरात किती माणसं, असं विचारलं होतं. वहिनी तेव्हाही याच घरात होती. उत्तर त्यानेच दिलं होतं: चार.