इस्त्रीच्या फळीवरचे ऑफिस

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्रीची फळी आहे. दुकानदाराने विकताना मला 'टेबल' म्हटले होते, पण घरी आल्यापासून मी फळीच. सध्या मी दारामागे भिंतीला टेकून उभी असते. माझा एक पाय वाकला आहे आणि कापडावर तिकोनी जळका डाग आहे. त्या डागाला हसू नका. तो कसा पडला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. एका कारागिराने लोखंडी नळ्या वाकवून माझे पाय कात्रीसारखे जोडले. शेजारच्या बाईने माझ्यावर फोम आणि जाड सुती कापड ताणून बसवले. "दहा वर्षं बघायला नको," असे ती मला थोपटून म्हणाली. तिचा शब्द मी खाली पडू दिला नाही.

मी आले ती उपनगरातल्या एका लहान घरात. हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर, एवढाच पसारा. मला विकत आणणारीला आजोबा 'सूनबाई' म्हणतात, नवरा 'अगं' म्हणतो आणि लेक 'आई' म्हणते. मी लेकीची री ओढते आणि तिला आईच म्हणते. किती गणवेश, किती शर्ट तिने माझ्यावर इस्त्री केले, याची मोजदाद नाही. पाहुणे म्हणत, "वा, काय कडक कॉलर!" कौतुक मात्र शर्ट घालणाऱ्याच्या वाट्याला जाई. मला आणि आईला त्याची सवय झाली होती.

लेक चौथीत गेली आणि आईला नोकरी लागली. लग्नाआधी ती घरांचे आतले नकाशे काढत असे. अकरा वर्षांनी एका कंपनीने तिला तेच काम घरून करायला दिले, तीन महिन्यांच्या बोलीवर. कुणाच्या खोलीत टेबल कुठे बसेल, हे ती बसल्या जागी सांगू लागली. चुकले मी. उभ्या जागी.

कारण आमच्या घरात तिला बसायला जागाच नव्हती. बेडरूममध्ये नवऱ्याचे ऑफिस, हॉलमध्ये आजोबांचा टीव्ही, जेवणाच्या टेबलावर लेकीचा अभ्यास. मग आईने मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभे केले आणि शेवटच्या खाचेपर्यंत उंच केले. रुंद बाजूला लॅपटॉप, निमुळत्या टोकाला चहा, इस्त्री ठेवायच्या जाळीत पेन्सिली. खरे सांगते, मला फार अभिमान वाटला होता.

"सूनबाईंचं ऑफिस घडीचं आहे," आजोबा म्हणायचे, "पाहुणे आले की मिटतं!" सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची. मला मात्र ते कधीच हसण्यासारखे वाटले नाही.

तिसऱ्या महिन्यात कंपनीच्या मॅडमचा फोन आला. "तुमचं काम छान आहे. पण ग्राहकांशी बोलताना मागून कुकर वाजतो, टीव्ही ऐकू येतो. महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत बसायची पक्की जागा बघा. तरच तुम्हाला कायम करता येईल."

आईने जागा शोधायला सुरुवात केली. मी काही तिच्याबरोबर गेले नव्हते. पण एका दुपारी माझ्यावर गणवेश पसरून, फोन स्पीकरवर टाकून, तिने आपल्या थोरल्या बहिणीला सगळे सांगितले.

"ताई, वाचनालयात शिंकलं तरी लोक माना वळवून बघतात. तिथे फोनवर कसं बोलणार? कॉफीच्या दुकानात दर वीस मिनिटांनी वेटर विचारतो, अजून काही आणू का. बाजारात को-वर्किंग आहे, महिन्याच्या भाड्याने बसायला खुर्ची देतात, पण तिथे पंखा एक आणि त्यावरून भांडणारे बारा."

"मग? हात हलवत परत आलीस?"

"नाही गं! फर्निचरच्या दुकानावर एक नवीन को-वर्किंग झालंय. खिडकीजवळची एकच खुर्ची उरली होती. बोलायला वेगळी काचेची खोली आहे. भाडंही माझ्या पगारात बसतं. खुर्चीमागे ऐंशी सेंटिमीटर जागा आहे."

"मोजून आलीस की काय?"

"टेप पर्समध्येच असतो. ताई, मागे सरकून पाय लांब करता येतात!"

"घेऊन टाक. कुणाला विचारत बसू नकोस."

"घेतलीच. फॉर्मवर फक्त यांचं नाव घातलंय. तिथे कायम नोकरीचं पत्र मागतात, माझं अजून कुठे काय कायम आहे? नाव कुणाचंही असू दे, बसणार मीच ना!"

तिथेच ती फसली. त्या जागेचे दार चेहरा ओळखून उघडते आणि ज्याचे नाव, त्याचाच चेहरा चालतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते. सोमवारी दार तिच्यासाठी उघडलेच नाही, तेव्हा नवरा "नाव बदलता येतं का, नुसता विचारून येतो" म्हणून गेला. संध्याकाळी परतला तो खुशीतच.

"काय शांतता आहे गं तिथे! तीन दिवसांचं काम आज उरकलं. नाव बदलायचं तर पुन्हा पत्र लागेल म्हणे. आता एवढा आठवडा मी जातो. तुला बेडरूम मोकळी झालीच की!"

आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय! तो आठवडा काही संपला नाही. बेडरूमही दोनच दिवस मोकळी राहिली. हॉलमध्ये दुपारी ऊन येते म्हणून आजोबांनी आपली झोप तिकडे हलवली. आई पुन्हा माझ्यापाशी आली. भरीस भर म्हणजे, घरून काम करताना नवऱ्याला आठवड्याला दोन शर्ट पुरत. आता तो बाहेर जायचा, म्हणून रोज कडक शर्ट हवा. आईची खुर्ची तर गेलीच, फळीही अर्धी गेली. "मला जागा परत द्या," असे ती दोनदा म्हणाली. "बघू गं," असे तो दोनदा म्हणाला.

महिनाअखेरची मीटिंग सकाळी दहाला होती. आईने मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर काढले, केस नीट केले आणि लॅपटॉप माझ्यावर ठेवला. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "जागेचं काय झालं?"

"मिळाली होती मॅडम, पण..." आई सांगू लागली.

तेवढ्यात नवरा शर्ट घेऊन आला. "अगं, यावर एक हात मार ना," असे म्हणत त्याने शर्ट दारावर टाकला, इस्त्रीचे बटण चालू केले, इस्त्री माझ्या निमुळत्या टोकावर उपडी ठेवली आणि तो मोजे शोधायला गेला. आईचे डोळे पडद्यावर होते. मी जळत होते आणि मला ओरडता येत नव्हते. धूर आला तशी आईने झडप घालून इस्त्री उचलली. त्या धक्क्याने माझा पाय वाकून खाचेतून सुटला आणि लॅपटॉप घसरला. आईने तो हवेतच धरला. मॅडमना बहुधा आमच्या छताचा पंखा दिसला असावा.

"असू दे," मॅडम म्हणाल्या, "आपण नंतर बोलू."

नंतर कुणी बोलले नाही. कायम करता येत नाही, असे दोन ओळींचे पत्र आले.

"शर्ट वाचला, नशीब," असे नवरा त्या दिवशी म्हणाला होता. मी ते अजून विसरलेले नाही.

परवा लेकीला शाळेतून गृहपाठ मिळाला. घराचा नकाशा काढून कोण कुठे बसते ते दाखवायचे होते. लेकीने आजोबांची आरामखुर्ची काढली, आपले अभ्यासाचे टेबल काढले. घराबाहेर एक चौकोन करून बाबांची खिडकीजवळची खुर्चीसुद्धा काढली. आईने टेप लावून तिला भिंतींची मापे दिली, एक तिरकी भिंत सरळ करून दिली. मग हळूच विचारले, "आणि मी कुठे बसते गं?"

लेकीने सगळा नकाशा पुन्हा एकदा पाहिला. "तुला कशाला जागा? तू तर सगळीकडेच असतेस!"

"वा! काय गोड बोलली पोर!" आजोबा म्हणाले. आईने टेप गुंडाळून खणात टाकला आणि ती कुकर लावायला उठली.

मित्रांनो, इस्त्रीच्या फळीला जपावे. तिची इस्त्री उपडी ठेवू नये, सांध्यांना अधूनमधून तेल द्यावे. पण माझे राहू द्या, माझे आयुष्य सरत आले. आज घरी गेलात की तुमच्या घराचा नकाशा काढा आणि त्यात आईची खुर्ची शोधा. सापडली नाही, तर गोड बोलू नका. आपल्या खुर्चीवरून उठा.