दोघींसाठी शिवलेला होल्डॉल

मित्रांनो, पूर्वी लोक लांबच्या प्रवासाला निघाले की चादर, उशी, सतरंजी एका जाड कापडात गुंडाळत, पट्ट्यांनी आवळत आणि खांद्यावर टाकत. त्या कापडाला होल्डॉल म्हणत. तसलाच एक म्हातारा होल्डॉल तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म १९८१ साली पौडच्या बाजारपेठेत, गुलशनच्या शिवणयंत्रावर झाला. गुलशन चौथीपर्यंत शिकली होती आणि ब्लाऊज-परकर शिवून घर चालवायची. तिची लहानपणापासूनची मैत्रीण परवीन पुढे शिकून शाळेत शिक्षिका झाली. माझ्या जन्माच्या थोडं आधी परवीनने मासिकातून लक्षद्वीपातल्या कल्पेनी बेटाचं चित्र कापून आणलं आणि म्हणाली, "आपण दोघी जाऊ या इथे."

गुलशन मुळशी धरणाच्या काठी वाढलेली. चित्राकडे बघत ती म्हणाली, "धरणाचा पल्याडचा काठ दिसतो गं. मला काठच न्हाई असलं पानी बघायचंय."

मग दर रविवारी बेत चालायचा. कोचीनपर्यंत रेल्वे, तिथून बोट, बेटावर उतरायला परवाना. परवीन अर्ज लिहायची. आपली सही नीट यावी म्हणून गुलशनने ब्लाऊजच्या मापाच्या कागदांवर कितीतरी दिवस ती गिरवली. मला तिने खाकी कॅनव्हासमधून शिवलं. दोन उशांसाठी दोन कप्पे केले, आणि त्यांवर लाल दोऱ्याने 'ग' आणि 'प' ही अक्षरं काढली. मी अगदी ऐटीत होतो.

दोन वर्षांनी परवीन एका रविवारी म्हणाली, "परवाना नाकारला गं."

गुलशनने हातातलं कापड घडी करून ठेवलं. "मग फुडच्या साली बघू," ती म्हणाली.

जाता जाता परवीनने विचारलं, "नाशिकला शिक्षकांचं शिबिर आहे. होल्डॉल देशील?"

"देशील काय? तुझाबी हाय की त्यो."

गाडी नाशिकला गेलीच नाही. परवीनबरोबर शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या आणि तिघी कोचीनला निघाल्या होत्या. गाडीत एकीने विचारलं, "तुमची मैत्रीण येणार होती ना?"

परवीन हसली. "तिला कुठं नेऊ? चारचौघांत कसं बोलावं ते कळत नाही. आपल्यालाच अवघडल्यासारखं झालं असतं."

मी बाकाखाली होतो. 'ग'च्या कप्प्यात दुसऱ्याच बाईंचे टॉवेल कोंबले होते.

बेट चित्रातल्यापेक्षाही सुंदर होतं. परवीनने मला वाळूवर अंथरलं आणि त्या नारळपाणी पीत बसल्या. माझ्या आयुष्यातला तेवढाच मोठा प्रवास, पण मला तो क्षणभरही गोड लागला नाही.

परतताना माझा पट्टा उसवला. परवीनने मला झटकलं, पुसलं आणि गुलशनकडे टाके घालायला आणलं. गुलशनने मला उलटं केलं. घडीतून पांढरी वाळू आणि पोवळ्याचे बारीक तुकडे यंत्राच्या फळीवर सांडले.

तिने वाळू चिमटीत घेतली. "नाशकात समुद्र कवापासनं आला?"

"गुलशन, ऐक तरी..."

"परवाना आलावता?"

"हो."

"माझ्याबी नावाचा?"

परवीनने मान खाली घातली. "हो."

"मग मी कुटं आडवी येत हुते गं?"

गुलशनने पट्टा शिवला, दुहेरी टाके घालून. दोरा दाताने तोडला आणि मला परवीनच्या हातांत दिलं. "घेऊन जा. परत हितं येऊ नको."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिच्या दृष्टीने मीही त्या लबाडीत सामील होतो. ते मला आजही सलतं.

तेव्हापासून मी परवीनच्या माळ्यावर पडून आहे. एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. एकदा तिने मला खाली काढलं आणि काखेत घेऊन गुलशनच्या दारापर्यंत गेली. आत यंत्र चालू होतं. तो आवाज ऐकत ती जरा वेळ उभी राहिली आणि तशीच मागे फिरली.

मित्रांनो, कुरतडल्याचं मला फारसं वाटत नाही. मला तोंड नव्हतं, म्हणून त्या गाडीत मी ओरडू शकलो नाही. तुम्हाला तोंड आहे. एखाद्याला बरोबर न्यायचं नसेल, तर तसं त्याच्यासमोर सांगा. तो रडेल, कदाचित भांडेलही. पण निदान त्याच्याच हातचं सामान घेऊन, त्यालाच मागे ठेवून जाऊ नका.