दाबून घेतलेले शॉकअप

झरीच्या रामहरीचा गुडघा गेला, तेव्हा त्यानं पुतण्याचा रिमोटवर पळणारा मॉन्स्टर ट्रक मागून आणला. ट्रकला घुंगरू बांधलं आणि ओट्यावर बसल्या बसल्या तो घरामागच्या रानातल्या शेळ्या माघारी आणायला लागला. "पन्नाशीत खेळणं सुचलंय!" रोज त्याच्या गुडघ्याला तेल चोळताना बायको, विजयमाला, करवादायची. पण शेळ्या खरंच घुंगराच्या मागं यायच्या, त्याला ती काय करणार? करडं मात्र ट्रकवर उड्या मारायची. महिन्यात दोनदा त्याचे शॉकअप मोडले.

म्हणून आज दोघं परभणीच्या खेळण्यांच्या दुकानात उभी होती. रामहरीचा जीव सोनेरी, चकचकीत शॉकअपवर जडला होता.

"थांबा जरा," विजयमाला म्हणाली. शेळीची कंबर दाबून बघावी, तसा तिनं अंगठ्यानं एकेक शॉकअप दाबला. सोनेरी टणकन उसळला. काळा, आत तेल भरलेला, गपकन दबला आणि सावकाश वर आला.

"काळेच द्या. असं उसळणारं टिकत न्हाई."

दुकानदार बघतच राहिला. "मावशी, लय पारख हाय तुमाला!"

"बाजारात शेळी अशीच दाबून घेते मी. नवरा तेवढा न बघता केला."

"तरी तीस वर्सं टिकलो का न्हाई?" रामहरी लंगडत पायरीपाशी आला.

विजयमालानं त्याच्या हाताखाली खांदा दिला.

"रोज तेल चोळते म्हणून!"