पुलावरून उडी न मारलेली बाई

पोपट हे त्याचं खरं नाव नव्हतं, पण संग्रहालयात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. दर रविवारी सकाळी तो वीस-बावीस कलाप्रेमींना गोळा करून जुन्या शहरातून फिरवायचा आणि शेवटी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर नेऊन एका चित्रासमोर उभं करायचा. कॉलरला छोटा माइक, हातात पिवळी छत्री, आणि प्रत्येकाच्या कानात त्याचाच आवाज. बायको म्हणायची, घरी तुमचं ऐकायला मी एकटी कमी पडते, म्हणून देवाने तुम्हाला हा धंदा दिला.

ज्या चित्रासमोर ही वारेमाप बडबड संपायची, त्याचं नाव ‘प्रतीक्षा’. खिडकीपाशी उभी असलेली एक तरुण मुलगी, हातात कागद, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत असं काही की पुढे जाणाऱ्याने थांबून बघावं. चित्रकार जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि मुलगी कोण याची कुठे नोंद नव्हती. नोंद नाही म्हटल्यावर पोपटाने ती स्वतःच केली होती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठल्याशा विमा कचेरीचे लोक साहेबाने पाठवले म्हणून आले होते. चित्रासमोर उभ्याउभ्या एक जण चक्क घोरायला लागला. पोपटाचा अपमान झाला. त्याने माइकमध्ये खोल आवाज काढला आणि सांगितलं, की ही मुलगी चित्रकाराची प्रेयसी, हातातला कागद म्हणजे त्याने तिला नकार कळवल्याचं पत्र, आणि हे चित्र पुरं झालं त्याच आठवड्यात तिने पुलावरून उडी मारली. घोरणारा जागा झाला. दोन बायकांनी नाकं पुसली. पुढच्या रविवारी पोपटाने त्यात वाकडी करंगळी घातली. मुलीच्या उजव्या हाताची करंगळी चित्रात वाकडी आहे, ती म्हणे मोडलेल्या वचनाची खूण. मग काय, खोट्याला पाय फुटले. संग्रहालयाने ती कहाणी कॅटलॉगमध्ये छापली. कपांवर त्या मुलीचे डोळे आले. लोक पुलावर जाऊन नदीत पत्रं टाकायला लागले, तेव्हा नगरपालिकेला तिथे पाटी लावावी लागली: ‘पत्रे टाकू नयेत. दंड होईल.’

बायकोने एकदाच विचारलं होतं, “अहो, ती खरंच बुडाली का?”

“कॅटलॉगमध्ये तसं आहे,” पोपट म्हणाला. एव्हाना त्याला स्वतःलाही थोडं तसंच वाटायला लागलं होतं.

त्या रविवारी गटात एक आजी आल्या. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली म्हणून सुनेने त्यांना ही सहल भेट दिली होती. आजींनी इअरफोन घेतले नाहीत, कानात आधीच एक यंत्र आहे, आणखी कशाला, म्हणाल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. सून आपली दर दहा पावलांनी, आई, दमलात का, असं विचारत होती आणि आजी तिला तू दमलीस का असं उलट विचारत होत्या.

चित्रकार जिथे भाड्याने राहायचा त्या तीन मजली इमारतीसमोर पोपट थांबला आणि वरच्या खिडकीकडे छत्री करून कलावंताच्या एकांताविषयी बोलू लागला. आजी मात्र खालच्या दाराकडे बघत होत्या. इथे एक घरमालकीण असायची, संडासाची किल्ली कमरेला लावून फिरायची, असं त्या सुनेला सांगत होत्या. पोपटाने ते ऐकलं आणि हसून सोडून दिलं. प्रत्येक सहलीत एक तरी म्हातारं माणूस असं निघतंच.

पुलावर त्याने आवाज खाली आणला. सुनेने आजींच्या कानाशी तोंड नेऊन काय ते समजावलं.

“कोण बुडालं?” आजींनी विचारलं.

“चित्रातली मुलगी.”

आजींनी कठड्यावरून खाली बघितलं. पाणी जेमतेम गुडघाभर होतं. तिथून संग्रहालयापर्यंत त्या सगळ्यांच्या पुढे चालत गेल्या.

वरच्या मजल्यावर मंडळी अर्धगोल करून उभी राहिली. सगळ्यात पुढे होत्या प्राध्यापिका बाई. सौंदर्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात जाड मण्यांची माळ, आणि ही सहल सहाव्यांदा. पोपट श्वास घ्यायला थांबला की त्या पुढचं वाक्य आधीच पुटपुटायच्या. पोपटाने पत्र सांगितलं, करंगळी सांगितली, आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, की या डोळ्यांतली व्याकुळता बघा, शब्द तिथे थिटे पडतात.

आजी गर्दीतून वाट काढत चित्रासमोरच्या दोरीपर्यंत आल्या. एकोणसाठ वर्षांत त्यांनी हे चित्र पाहिलं नव्हतं. चित्रकाराने दाखवलंच नव्हतं, आणि नंतर त्या दुसऱ्या शहरात संसाराला लागल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग सुनेला हळूच म्हणाल्या, “मी बरी दिसायचे गं.”

सुनेला कळेना. आजींनी मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. चित्रकाराचे धुतलेले शर्ट द्यायला वर गेल्या, तर तो म्हणाला, आहेस तशी उभी राहा, हलू नकोस. हातातला कागद म्हणजे शर्टांची यादी. असं तीन दुपारी झालं.

“आणि डोळ्यांचं म्हणाल,” आजी म्हणाल्या, “तर मला लघवीला लागली होती. संडास खाली, किल्ली मालकिणीकडे, मालकीण बाजारात. दोन-दोन तास दाबून उभी होते मी. व्याकुळ नाही होणार तर काय?”

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे जमिनीकडे बघायला लागले. ज्याने पुलावर आपल्या बायकोचे दुःखी चेहऱ्याने अकरा फोटो काढले होते, तो गृहस्थ कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते फोटो पुन्हा बघू लागला.

प्राध्यापिका बाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी अतिशय मायेने आजींना समजावलं, की उत्तम कलाकृतीचं असंच असतं, प्रत्येकीला त्यात आपलाच चेहरा दिसतो. पण या स्त्रीचं चरित्र आता सिद्ध झालेलं आहे. कॅटलॉगमध्ये पान अडतीसवर आहे. मग सुनेकडे वळून, आवाज न उतरवता, त्या म्हणाल्या, की आपल्या आईचंही शेवटी असंच होऊ लागलं होतं, आता यांना घरी न्यावं, उगाच दगदग नको.

सुनेचा चेहरा लाल झाला. आजींनी दोरीवरचा हात काढून पाठीमागे घेतला, वर्गात ओरडा खाल्लेल्या मुलीसारखा. तेवढ्यात पोपटाला ती करंगळी दिसली. पहिल्याच पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली, चित्रातल्यासारखी तंतोतंत.

मूग गिळून बसणं सोपं होतं. सहल संपायला चार मिनिटं राहिली होती. पुढे फक्त, धन्यवाद, कपांचं दुकान तळमजल्यावर डावीकडे, एवढंच म्हणायचं उरलं होतं. पोपटाने तोंड उघडलं ते त्यासाठीच. पण बाहेर पडलं भलतंच.

“आजी, करंगळीला काय झालं होतं?”

“चादरी पिळायच्या यंत्रात सापडली. सतरा वर्षांची होते.”

पोपटाने माइक बंद केला. मग आठवलं की माइक बंद केला तर मागच्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून परत चालू केला. त्याने सांगितलं, की प्रेम, पत्र, वचन, पूल, सगळं त्याने स्वतःच्या मनाने रचलेलं आहे. एक माणूस घोरत होता म्हणून.

त्याला वाटलं होतं, आता आपला पोपट होणार, लोक हसतील, चिडतील. झालं वेगळंच. कुणी विश्वासच ठेवला नाही. प्राध्यापिका बाई म्हणाल्या, की वयस्कर व्यक्तीचं मन राखण्याची ही पद्धत हृद्य आहे, पण सत्याशी तडजोड नको.

“बाई, मीच ते केलंय.”

“पण कॅटलॉग?”

“कॅटलॉगवाल्यांनी माझ्याकडूनच घेतलं.”

“त्यांनी तपासल्याशिवाय छापलं नसणार,” बाई म्हणाल्या आणि माळ सरळ करून खाली गेल्या. अर्धी मंडळी त्यांच्यामागे गेली. त्या दिवशी कप नेहमीपेक्षा जास्त खपले, असं दुकानातल्या मुलीने नंतर सांगितलं.

बाईंनी जाताजाता तक्रार मात्र नोंदवली. मंगळवारी संचालिकेने पोपटाला बोलावलं. पोपट एकटा गेला नाही, आजी आणि सून यांनाही घेऊन गेला. संचालिका सभ्य बाई होती. तिने सगळ्यांना कॉफी मागवली, करंगळी बघितली, लॉन्ड्रीचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाली, की सध्या फार तर इतकंच करता येईल: चित्राखालच्या पाटीवर ‘या स्त्रीविषयी निश्चित माहिती उपलब्ध नाही’ असं लिहू.

“अहो बाई,” आजी म्हणाल्या, “निश्चित माहिती तुमच्यासमोर कॉफी पितेय.”

संचालिका ओशाळली, पण म्हणाली, की लघवीचा उल्लेख संग्रहालयाला करता येणार नाही. आजींची त्याला हरकत नव्हती. त्यांना नाव नको होतं, फोटो नको होता. त्यांचं एकच म्हणणं होतं. नातवंडं उद्या शाळेच्या सहलीबरोबर इथे येतील, तेव्हा कुणी त्यांना आपली आजी जीव देऊन मेली असं सांगू नये. “प्रेमभंग राहू दे हवा तर,” त्या म्हणाल्या. “तो तसा वाईट नव्हता दिसायला. पण मला बुडवू नका. मला पोहता येतं.”

ते मान्य झालं. पुढच्या आठवड्यात पाटी बदलली, पान अडतीसवर कागदी पट्टी चिकटवली गेली. पोपटाला मात्र संग्रहालयाच्या सहली पुन्हा मिळाल्या नाहीत. संचालिकेने त्या मंगळवारीच त्याला एकट्याला थांबवून ते सांगितलं आणि त्यानेही वाद घातला नाही. छत्री त्याची स्वतःची होती, ती घेऊन तो बाहेर पडला.

सून खाली थांबली होती. आजी आत काहीतरी विसरल्या म्हणून वर गेल्या होत्या, अर्धा तास झाला. पोपट जिन्याने वर गेला. आजी चित्रासमोरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक परकी तरुणी रडत होती आणि आजी तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. पोपटाने खुणेने विचारलं, काय झालं.

“तिला त्या मुलीचं वाईट वाटतंय,” आजी म्हणाल्या. “मी सांगितलं तिला, की बाई, ती मुलगी त्यानंतर पाचच मिनिटांत खाली धावली आणि किल्ली मिळाली. पण ऐकत नाही. रडू दे म्हटलं जरा.”

पोपट बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. नऊ वर्षांत त्या बाकावर तो पहिल्यांदाच बसत होता. तिघं मग चित्राकडे बघत बसले. रखवालदार येऊन, बंद करायची वेळ झाली, असं म्हणेपर्यंत कुणी उठलं नाही.